छापील मोहीम: काय करावं, काय टाळावं

शुक्रवारची रात्र, साडेआठची वेळ. गुरुग्रामच्या सायबर सिटीतलं ऑफिस आत्ताच सुटलंय. रॅपिड मेट्रोत एका हाताने दांडा धरून एक मुलगी मोबाइलवर पीडीएफ खालीवर सरकवतेय. नऊ वाजता तिच्या घरी पाच जण जमणार आहेत आणि पहिला फासा पडायच्या आत चोवीस पानं तिच्या डोक्यात बसायला हवीत. तुम्ही लिहिलेल्या मोहिमेची खरी वाचक ती. तिला सवडीने गोष्ट वाचायची नाही, आज रात्री खेळ चालवायचा आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं तिच्या सोयीसाठी.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये एक जण गेम मास्टर होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. गेम मास्टर परिस्थिती सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने 1974 मध्ये हा प्रकार सुरू केला. मग नकाशा, ठिकाणं, पात्रं आणि संकटं असलेल्या तयार मोहिमा छापून विकल्या जाऊ लागल्या. दुसऱ्याने लिहिलेली मोहीम तिसऱ्याच्या घरी चालते, ही त्यातली खरी कसोटी.

मी 2015 पासून गुरुग्रामला राहते. इथली चार मराठी घरं आणि ऑफिसातले काही जण मिळून आमचं टेबल चालतं. त्यासाठी लिहिता लिहिता आणि चुकता चुकता जे हाती लागलं ते इथे देते आहे.

करा: परिस्थिती लिहा. टाळा: कथानक.

28 जुलै 2016 ला गुरुग्राममध्ये धो धो पाऊस झाला. बादशाहपूरचा नाला फुगला आणि हीरो होंडा चौकाच्या आसपास गाड्या जागच्या जागी अडकल्या. हजारो माणसांनी ती रात्र रस्त्यावर काढली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या रात्रीवर मला मोहीम लिहायची होती. पहिल्या खर्ड्यात मी नाटकासारखे प्रवेश लिहिले. पहिल्यात पात्रं बसमध्ये अडकतात, दुसऱ्यात त्यांना हरवलेल्या मुलाची खबर लागते, तिसऱ्यात ती त्याच्या शोधात नाल्याकाठी जातात. टेबलावर पहिल्या वीस मिनिटांतच सगळी पात्रं बसच्या टपावर चढली आणि तिथून हलायला तयार होईनात. त्यांचं बरोबरच होतं. पुरात सापडलेला शहाणा माणूस उंचावर जाऊन बसतो. दुसरा प्रवेश माझ्या हातात तसाच राहिला.

पुढच्या खर्ड्यात प्रवेश काढून टाकले आणि एवढंच लिहिलं: सातला चौकात पाणी घोट्याइतकं, नऊला गुडघ्याइतकं, अकराला कमरेइतकं. मुलगा या वेळी कुठे आहे. त्याचा बाप त्याला कुठे शोधतोय. टँकरवाला कुठल्या रस्त्याने निघालाय आणि त्याला काय लपवायचंय. पात्रांनी काहीच केलं नाही तर पहाटे तीनला काय होईल. आता ती टपावर बसून राहिली तरी खेळ अडत नाही. पाणी चढत राहतं, आणि टपावरून त्यांना लांबवर तो मुलगा दिसतो.

‘यानंतर पात्रं अमुक करतात’ असं वाक्य खर्ड्यात कुठेही सापडलं, तर ते खोडा.

करा: पायाखालची जमीन वापरा.

टाळा: उसनी सराई, उसनं धुकं, उसना ड्रॅगन.

गायगॅक्सची ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही 1979 ची मोहीम गाजली. राज्याच्या सरहद्दीवरचा एक किल्ला आणि पलीकडे रानटी मुलूख, एवढाच तिचा पाया. सरहद्द आपल्याकडेही आहे, आणि मी राहते तिथे तर पावलोपावली आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी या परगण्यांवर एकाच वेळी किती जणांचा डोळा होता ते पाहा. बादशाहपूर-झाडसा परगणा सरधन्याच्या बेगम समरूकडे होता. पूर्वी तिच्याच चाकरीत असलेला जॉर्ज थॉमस हा आयरिश शिपाईगडी आप्पा खंडेराव या मराठी सरदाराकडे आला आणि पुढे हांसीला स्वतःचं राज्य मांडून बसला. दिल्लीत शिंद्यांचा अंमल होता. 30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी दिल्लीभोवतीचा मुलूख इंग्रजांना सोडला, त्यात आजच्या गुरुग्रामचा हा भागही गेला. ज्या गावात तो तह झाला ते आपल्या अमरावती जिल्ह्यात. सायबर सिटीच्या काचांकडे बघताना मला हे नेहमी आठवतं.

गुरुग्रामजवळचं फरुखनगर घ्या. फौजदार खानाने 1733 मध्ये बांधलेला शीशमहाल तिथे आहे, वेशीच्या तटाला लागून अष्टकोनी बावडी आहे. मिठाच्या व्यापारावर हे गाव भरभराटीला आलं आणि 1873 मध्येच तिथवर रेल्वेचा फाटा गेला. मीठ, काचेचा महाल, तटातली विहीर आणि आगगाडी: मोहिमेला आणखी काय हवं?

आणि आजचं शहरही सोडू नका. एका बाजूला फाटक, रखवालदार आणि नोंदवही असलेली सोसायटी, तिच्या भिंतीला लागून जुनं गाव, त्यापलीकडे अरवलीचा दगड. घाटा, झाडसा, चक्करपूर, वजीराबाद इथले जुने बंध पावसाचं पाणी अडवायचे. चक्करपूर-वजीराबादच्या बंधावर आता फिरायची वाट झाली आहे, आणि पाणी आपली जुनी वाट शोधत रस्त्यावर येतं. माझ्या पुराच्या मोहिमेतला नकाशा हाच आहे: वर आजचे सेक्टर, खाली फिकट रेघांत जुने बंध आणि ओढे. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले की मुलगा कुठे वाहत जाईल ते कळतं.

बाहेरचे वाचक हे समजून घेतील का, ही भीती बाळगू नका. ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हा तेरा मोहिमांचा संग्रह 2022 मध्ये निघाला. त्यात कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ लिहिली. बंगालच्या नद्यांवरून बेतलेली शंखभूमी त्यांनी जगभरच्या टेबलांवर नेली.

टाळा: इतिहासाची व्याख्यानं.

वरचा सगळा इतिहास मला ठाऊक आहे म्हणून तो मोहिमेत ओतायचा नाही. खेळाडूच्या हाताला लागेल तेवढाच ठेवायचा. माझ्या मोहिमेत तो एका कागदावर येतो: पडक्या हवेलीत सापडलेली मोडी लिपीतली सनद, बंधाच्या पाण्यावर कुणाचा हक्क आहे ते सांगणारी. तो कागद मी खरोखर तयार केला, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. टेबलावर ठेवला तेव्हा एकाने आजोबांकडून शिकलेली चार अक्षरं लावून पाहिली आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकले. ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही 1984 ची मोहीम आजही लोक खेळतात, त्यामागे खेळाडूंच्या हातात पडणाऱ्या पत्रांचा आणि कात्रणांचा मोठा वाटा आहे.

सनदेचं देवनागरी लिप्यंतर मात्र गेम मास्टरच्या पानावर द्या. तिला मोडी येईलच असं नाही.

टाळा: लोकांच्या जित्याजागत्या श्रद्धेला भुताटकीचा अड्डा करणं.

गुरुग्रामचं नावच द्रोणाचार्यांच्या कथेतून आलेलं. शीतलामातेच्या मंदिरात आजही लांबून माणसं येतात. खांडसा गावात एकलव्याचं मंदिर आहे. गुरुग्रामवर लिहायला घेतलं की पहिला मोह एकलव्याच्या अंगठ्याचा होतो: पुरलेला अंगठा, जादूची वस्तू, धनुर्विद्येला दोन गुण जास्त. हे करू नका. ज्याच्याकडून विद्या काढून घेतली त्याची कथा आजही अनेकांच्या घरातली कथा आहे. तिचा खजिना करून चौघांनी वाटून घेणं मला सहन होत नाही. एकलव्य घ्यायचाच असेल तर प्रश्न म्हणून घ्या. एका पात्राला जे सगळ्यात चांगलं येतं तेच दक्षिणा म्हणून मागितलं जाईल, अशी जागा लिहा आणि उत्तर खेळाडूवर सोडा.

उलट बाजूचं उदाहरण मांगर बनीचं. गुरुग्राम-फरीदाबादच्या सीमेवरचं हे देवराईसारखं रान. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी आसपासचे गुर्जर लोक तिथली फांदीही तोडत नाहीत. या नियमाचा मोहिमेत नियमच करा: इथे लाकूड तोडायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, आता रात्र काढून दाखवा. रानाचा मान राहतो, आणि खेळ अधिक अवघड, अधिक चांगला होतो.

करा: प्रत्येक कळीच्या गोष्टीला किमान तीन धागे द्या.

हा नियम जस्टिन अलेक्झांडर यांनी मांडला आणि मी तो डोळे मिटून पाळते. खेळाडूंना एक धागा दिसणारच नाही, दुसऱ्याचा ते उलटा अर्थ लावतील, तिसरा उपयोगी पडेल. माझ्या मोहिमेत ‘बंध रात्री कुणीतरी मुद्दाम फोडला’ हे कळायला हवं. त्याचे धागे असे: सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत टँकरची रात्री एकची नोंद आहे, परत जाण्याची नाही. टँकरच्या चाकांना अरवलीची तांबूस माती आहे, आणि टँकरवाला म्हणतो त्या रस्त्यावर तशी माती नाही. हवेलीतल्या म्हातारीने फावड्यांचा आवाज ऐकला, पण तिला कुणी विचारलंच नाही.

तिन्ही वेगवेगळ्या जागी ठेवा. एकाच खोलीत तीन पुरावे ठेवले, आणि त्या खोलीत कुणी गेलंच नाही, तर तिन्ही वाया.

टाळा: पुढचा रस्ता एकाच फाशावर टांगणं. फासा वाईट पडला तर वेळ जाईल, दुखापत होईल, कुणीतरी सावध होईल असं लिहा. ‘काहीच सापडत नाही’ असं कधीच लिहू नका.

करा: वाटा एकमेकींत मिळवा. जेनेल जेक्वेज यांची ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेसिया’ 1979 ची. तिच्या नकाशात आत शिरायला एकाहून जास्त वाटा आहेत आणि मजल्यांमजल्यांना जोडणारे जिने, खड्डे, वळसे आहेत. सरळ बोळात ओळीने खोल्या मांडू नका. ज्याने लहानपणी दिवाळीत मातीचा किल्ला केलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. महादरवाजा झाला की तो आधी चोरवाट काढतो.

करा: वाचून दाखवायची चौकट तीन वाक्यांत संपवा.

चौथ्या वाक्याला कुणीतरी मोबाइल बघतो. मी मोजून पाहिलंय. काय दिसतं, काय ऐकू येतं किंवा कशाचा वास येतो, आणि कशाला हात लावता येईल, एवढं पुरे. ‘तुमच्या अंगावर शहारा येतो’ असं लिहू नका. शहारा यावा की नाही हे खेळाडू ठरवेल. माझी चौकट अशी आहे:

‘बावडीच्या पायऱ्या खाली काळ्या पाण्यात उतरतात. पाण्यावर एक शाळेचं दप्तर तरंगतंय. खालून, पाण्याच्या पातळीखालून, कुणीतरी दगडावर दगड आपटावा तसा आवाज येतोय.’

करा: पात्राला नाव, गरज आणि एक सवय द्या.

गेम मास्टरने वठवायच्या पात्राचा अर्धा पान पूर्वेतिहास कुणी वाचत नाही. ‘रात्रपाळीचा रखवालदार, सलग दुसरी ड्यूटी करतोय. सकाळी सहाच्या आत वही कोरी ठेवायची आहे. बोलताना शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळतो.’ एवढ्यावर ती मुलगी दहा मिनिटं सहज निभावेल. नाव मात्र हवंच. जुन्या मोहिमांमधले सराईवाले आणि नाईक बिननावाचे असत, आणि ऐन वेळी सुचलेलं नाव पुढच्या वेळी कुणालाच आठवत नसे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. हरियाणवी बोलणारा प्रत्येक जण दांडगट, आणि घरकाम करणारी प्रत्येक बाई एक तर चोर नाही तर भोळी, अशी पात्रं मी बाहेरून आलेल्यांच्या खर्ड्यांत पुन्हा पुन्हा वाचली आहेत. आपण मराठी माणसं इथे पाहुणे आहोत. ज्या गावांच्या शेतजमिनींवर आपल्या इमारती उभ्या आहेत, तिथल्या ताऊला मोहिमेत अक्कल, विनोदबुद्धी आणि स्वतःचा हेतू असू द्या.

करा: पहिल्या पानावर सगळं सांगून टाका. किती खेळाडू, कुठली पातळी, साधारण किती तास, गुन्हेगार कोण, शेवटी काय पणाला लागलंय. गेम मास्टरपासून रहस्य लपवू नका. आणि मोहिमेत बुडणं, हरवलेलं मूल, कोंडून राहणं असेल तर तेही तिथेच लिहा. जॉन स्टॅव्हरोपोलोस यांचं एक्स-कार्ड, म्हणजे नको असलेला प्रसंग थांबवायला खेळाडूने दाखवायचं कार्ड, वापरायचं की नाही हे टेबल ठरवेल, पण ठरवायला त्यांना आधी माहिती हवी.

करा: पानाची काळजी घ्या.

एक ठिकाण, समोरासमोरची दोन पानं. ठिकाणाचं वर्णन एकीकडे आणि तिथल्या प्राण्याचे आकडे मागे तिसाव्या पानावर, असं झालं की खेळ तिथेच थंडावतो. नकाशावरचे क्रमांक आणि मजकुरातले क्रमांक शेवटच्या क्षणी पुन्हा ताडून बघा. रंगीत नकाशा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळा-पांढरा काढून पाहा. निळा नाला आणि हिरवं रान एकच दिसत असेल तर रेघा बदला.

मराठीत छापणार असाल तर मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फाँटमधल्या पीडीएफमध्ये ‘टँकर’ शोधला तर सापडत नाही, आणि मेट्रोत उभ्या माणसाला शोध हाच आधार असतो. आकडे 1, 2, 3 असेच ठेवा, कारण फाशावर तेच असतात.

करा: नियमांचे शब्द नियमांच्या पुस्तकातले, वर्णनाचे शब्द आपले. ‘आर्मर क्लास’ आणि ‘सेव्हिंग थ्रो’ देवनागरीत तसेच लिहा. त्यांना नवे प्रतिशब्द घडवले तर खेळाडूला दोनदा भाषांतर करावं लागतं. वर्णनात मात्र देवडी, बुरूज, जंग्या, टाकं, तळघर, भुयार हे शब्द मोकळ्या हाताने वापरा. गड चढलेल्या प्रत्येक मराठी खेळाडूला त्या एकेका शब्दासरशी जागा दिसते.

टाळा: परवाना न वाचता छापणं.

जानेवारी 2023 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांनी जुना खुला परवाना बदलायचा घाट घातला, जगभरच्या लेखकांनी विरोध केला, आणि 27 जानेवारीला नियमांचा पायाभूत दस्तऐवज, म्हणजे एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला. श्रेय द्या आणि त्यातले नियम वापरून मोहीम विका, कुणाची परवानगी लागत नाही. पण सगळेच प्राणी त्यात नाहीत. बिहोल्डरची माहिती त्यात शोधून सापडणार नाही. डीएम्स गिल्ड या ऑनलाइन बाजारात विकलं तर कंपनीची जगं वापरता येतात, लेखकाला किमतीचा निम्मा वाटा मिळतो, पण ते लेखन मग तिथेच बांधलं जातं. स्वतःचं गाव, स्वतःची भुतं लिहिली असतील तर ती तिथे बांधून टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

करा: तुम्ही नसताना खेळवून पाहा.

स्वतः चालवलेली चाचणी ही चाचणी नव्हे. कागदावर नसलेलं तुम्ही तोंडाने भरून काढता आणि तुम्हाला ते कळतही नाही. दुसऱ्या गेम मास्टरला छापील प्रत द्या, कोपऱ्यात बसा आणि तोंड बंद ठेवा. ती पान कुठे उलटते, कुठे ‘एक मिनिट हं’ म्हणते, कुठे स्वतःच्या मनाचं घालते, ते लिहून घ्या. मी अशा दोन रात्री बसले आणि खर्ड्यातली नऊ पानं कमी केली. कापलेल्या पानांत माझा सगळ्यात आवडता उतारा होता.

मग प्रत लांब पाठवा. माझी प्रत अमरावतीला मामेभावाकडे गेली. त्याच्या टेबलावरच्या कुणीही गुरुग्राम पाहिलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं: सेक्टर म्हणजे काय, फाटकाच्या आतले लोक बाहेरच्या गावात जात का नाहीत, आणि बंध इतका महत्त्वाचा असेल तर तो कुणी बुजू दिला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दहा ओळींत लिहिली. तिसऱ्यासाठी मोहिमेत एक नवं पात्र आलं, आणि आता तेच तिचा कणा आहे.

म्हणून विनंती एवढीच: छापायला देण्याआधी तुमची मोहीम एखाद्या अशा टेबलावर पाठवा जिथे तुमचं गाव कुणी पाहिलेलं नाही, आणि त्यांचे प्रश्न परत येईपर्यंत थांबा.